मुख्याध्यापकाची सही व शिक्का

कडूबा फकिरा ठोंबरे यांच्या शाळेचा शिक्का त्यांच्या जेवणाच्या पिशवीत असायचा. खाली भाकरीचा डबा, वर भाजीचा, आणि कडेला कापडी बटव्यात तो गोल शिक्का नि जांभळ्या शाईचं पॅड. शाळेत लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूपही होतं, पण सरांचा कुलपावर भरवसा नव्हता. सकाळी शहरात, गारखेड्यातल्या घरातून मोटारसायकल निघाली की शिक्का गंगापूरच्या रस्त्याला लागायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्यांची बायको आशाबाई डबे घासायला काढताना बटवा दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवायची आणि म्हणायची, "आली बघा माझी सवत."

सर हसायचे. पण बटवा नीट ठेवलाय का, ते बघूनच पाय धुवायला जायचे.

त्यांचा जन्म निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर आठव्या साली, म्हणजे छप्पन्नात, कापूस वेचणीच्या दिवसांत झालेला. आधीची दोन लेकरं गेलेली. म्हणून आईनं, द्वारकाबाईनं, नाव ठेवलं कडूबा. कडू वस्तूला कुणाची नजर लागत नाही, मरणसुद्धा तोंड वाकडं करून पुढच्या घरी जातं. मरण गेलं पुढं, नाव मात्र चिकटून राहिलं. बी.एड.च्या वर्गात हजेरी घेताना प्राध्यापक त्या नावापाशी थांबायचे, चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, "कडूबा?" सगळा वर्ग खिदळायचा. पुढं सर शिक्षक झाले, मग गंगापूर तालुक्यात फाट्यावरच्या एका खाजगी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले, तरी तालुक्याच्या बैठकीत शिक्षणखात्याचा साहेब यादी वाचताना त्याच जागी थांबायचाच.

"नावाच्या पुढून एक टेकू पायजे," सर आशाबाईला म्हणायचे. "डॉ. टिंब. हसणारा आधी टिंबाला ठेचकाळंल, मंग हसंल."

पण पीएच.डी.चं खरं खूळ डोक्यात शिरलं ते दोन हजार दोन साली, शहरातल्या एका शिबिरात. मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण होतं. बाहेरगावचा एक तरणा व्याख्याता आला आणि त्यानं विचारलं, "तुमच्या शाळेचा नेता कोण?" चाळीस मुख्याध्यापक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, संस्थेचे अध्यक्ष. दुसरा म्हणाला, सरपंच. तिसरा म्हणाला, "आमच्याकडं शिपाई. घंटा त्योच वाजवतो." लई हशा झाला. ठोंबरे सरही हसले. पण घरी येताना गारखेड्यापर्यंत त्यांना ते हसू घशात काट्यासारखं टोचत राहिलं. चाळीस माणसांत एकाच्याही तोंडून 'मी' निघालं नव्हतं. असं का? हे कुणीतरी अभ्यासलं पाहिजे, आणि ते पुण्यामुंबईच्या माणसानं नव्हे, तालुक्यातल्याच कुणीतरी, असं त्यांना वाटलं.

पुढच्या साली नोंदणी झाली. विषय होता, 'गंगापूर तालुक्यातील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांचे नेतृत्व आणि शाळेचे संघटनात्मक वातावरण : एक चिकित्सक अभ्यास'. मार्गदर्शक मिळाल्या डॉ. भानुमती सेलूकर. शिक्षणशास्त्राच्या जुन्या प्राध्यापक, शहरातल्या छावणी भागात राहायच्या, एकट्याच. बारीक अंगाच्या, तांबड्या शाईच्या. त्यांच्याकडं वीस-वीस पानं घेऊन गेलेली माणसं तीन पानं घेऊन परत यायची. सर दर रविवारी जायचे. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब तेव्हा म्हणाले होते, "व्हा तुम्ही डॉक्टर, आपल्या डी.एड. कॉलेजावर प्राचार्य म्हणून तुम्हालाच बसवतो." मग डी.एड.ला पोरंच येईनात, नऊ साली कॉलेजाला टाळं लागलं. ताट उचललं गेलं, भूक तेवढी राहिली.

आठ वर्षं गेली. या आठ वर्षांत सरांनी काय केलं नाही! परीक्षेच्या पर्यवेक्षणात पाठीमागच्या बाकावर बसून संदर्भ उतरून काढले. लग्नाच्या मांडवात टिपणं वाचली. सासऱ्याच्या दहाव्याला घाटावर बसून 'लोकशाही नेतृत्व' आणि 'हुकूमशाही नेतृत्व' यांतले फरक पाठ केले. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा देता येत नव्हती. शेवटची तारीख ठरली, एकतीस मार्च दोन हजार अकरा. जूनमध्ये सेलूकरबाई निवृत्त होणार होत्या आणि सरांना पंचावन्नावं लागलेलं. या वयाच्या माणसाला नवा मार्गदर्शक कोण घेणार? एकतीस मार्चला प्रबंध खिडकीत गेला तर गेला, नाहीतर आठ वर्षं मातीत.

आता सरांच्या प्रश्नावलीची गोष्ट सांगायला हवी, कारण माणूस तिच्यातच बुडाला.

अशा संशोधनात माणसांना प्रश्न विचारतात. सरांनी साठ विधानं तयार केली होती. 'मुख्याध्यापक निर्णय घेताना शिक्षकांना विश्वासात घेतात.' 'मुख्याध्यापक स्वतःची चूक मान्य करतात.' पुढं पाच चौकोन, पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत. शिक्षकानं एका चौकोनात खूण करायची. चाळीस शाळा, शाळेमागं दहा शिक्षक. बाईंनी नमुना तपासून दिला, सर छापायला घेऊन गेले. छापताना पान खाली जरा मोकळं वाटलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत सरांनी खाली मोकळा असलेला कागद पाहिलाच नव्हता. म्हणून तिथं डाव्या हाताला तारीख आणि उजव्या हाताला, रेघ ओढून, 'मुख्याध्यापकाची सही व शिक्का'.

एक ओळ वाढवली. बाईंना पुन्हा दाखवायला गेले, तेव्हा बाईंनीही साठ विधानं वाचली आणि पान उलटलं.

गठ्ठे त्यांनी गंगापूरच्या मासिक सहविचार सभेत वाटले. प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हातात दहा-दहा. "आपल्या शिक्षकांकडून भरून घ्या आन् पुढच्या सभेला आणा," असं उभं राहून सांगितलं. कामाचा कागद शाळेत जातो तो मुख्याध्यापकामार्फत आणि शाळेतून येतो तोही मुख्याध्यापकामार्फत. दुसरी वाट असते, हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. मुख्याध्यापकांविषयीचं मत मुख्याध्यापकांच्याच हातानं गोळा करायला त्यांनी सांगितलं, आणि सभेतल्या चाळीस माणसांपैकी एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. महिन्यात चारशेच्या चारशे परत आल्या. एक फाटलेली नाही, एक राहिलेली नाही. सरांना भरून आलं.

औरंगपुऱ्यात रामकिसन नावाचा माणूस संगणकावर आकडेमोड करून द्यायचा. त्यानं चार दिवसांनी सरांना बोलावलं.

"सर, डेटा लई गोड हाय."

"मंजी?"

"मंजी साखरंच्या पाकात घातल्यावानी. पाचपैकी चार पॉइंट नऊ. ह्या शाळंचं बी तेच, त्या शाळंचं बी तेच. ही मास्तरं हायत का वीटभट्टीच्या विटा?"

"आपल्या तालुक्यात नेतृत्व चांगलं हाय, रामकिसन."

"आसंल बाबा," रामकिसन म्हणाला आणि तक्ते काढून दिले.

चाळीस शाळांत सरांची स्वतःचीही शाळा होती. तिथल्या दहा शिक्षकांनी सरांना साठच्या साठ विधानांत पूर्ण गुण दिले होते. तो तक्ता सरांनी घरी आणला, चहाच्या वेळी आशाबाईपुढं धरला. "बघ. माझ्या हाताखालची माणसं काय म्हणत्यात."

आशाबाईनं तक्ता उलटासुलटा बघितला. "चुका मान्य करतात, हे बी लिव्हलंय व्हय?"

"पूर्णपणे सहमत."

"एक फारम मला द्या. मी भरते."

सर हसले. पण तो तक्ता त्यांनी पाकिटात घडी करून ठेवला. दोन वर्षं तो पाकिटात होता. बैठकीत साहेब नावापाशी अडखळला की सर खिशावर हात ठेवायचे.

अकरा साली आठ मार्चला बाईंनी त्यांना परिशिष्टं आणायला सांगितली. प्रकरणं पाहून झाली होती, तक्ते पाहून झाले होते, भरलेल्या प्रश्नावल्या बाईंनी कधी पाहिल्या नव्हत्या. सरांनी नमुना म्हणून वीस नेल्या. बाईंनी पहिली हातात घेतली. दुसरी घेतली. मग वीसही टेबलावर पत्त्यासारख्या मांडल्या. प्रत्येकीच्या खाली, उजव्या हाताला, जांभळा गोल शिक्का. कुणाचा सरळ, कुणाचा तिरपा, कुणाचा शाई सांडून पसरलेला.

"ठोंबरे," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे भरलं कुणी?"

"शिक्षकांनी, बाई."

"आणि हा शिक्का?"

"मुख्याध्यापकाचा."

"म्हणजे 'माझा मुख्याध्यापक कसा आहे' हे शिक्षकानं लिहायचं, मग मुख्याध्यापकानं वाचायचं, पटलं तर सही करायची आणि शिक्का मारायचा?"

बाहेर छावणीच्या बाजारात कुणीतरी कांदे घ्या, कांदे, म्हणून ओरडत होतं. तेवढ्या आवाजात सरांना आठ वर्षांचं सगळं एकदम दिसलं. आठव्या वर्षी घर बांधून झाल्यावर कळावं की पायाच घेतलेला नाही, तसं.

"बाई," सर शेवटी म्हणाले, "त्याच्याबिगर कागद पुरा होत नाय."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "या आकड्यांवर मी कशी सही करू?"

"तेवीस दिवस हायेत."

"तेवीस दिवसांत चारशे माणसं?"

"जितकी व्हतील तितकी."

सरांनी नव्या प्रश्नावल्या छापल्या. नाव नको, शाळा नको, सही नको, शिक्का नको. प्रत्येकीबरोबर कोरा लखोटा. काकासाहेबांकडून सुटी घेतली आणि ते मोटारसायकलवर शाळा-शाळा हिंडायला लागले. दहावीची परीक्षा चालू, उन्हं वर आलेली, उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात जायचं. पहिल्याच शाळेत लिंबाखाली चार शिक्षक बसले होते. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं कागद घेतला, आधी पाठीमागं बघितलं, मग खाली बघितलं.

"सर, शिक्क्याची जागा राहिली वाटतं."

"मुद्दाम नाय ठेवली. नाव बी लिहायचं नाय."

"नाव नाय, शिक्का नाय. मंग ह्याला कागद म्हणायचं का निनावी अर्ज?"

"खरं लिहा, येवढंच म्हणणं हाय."

"आधी लिव्हलंय की आमी खरं!" दुसरा म्हणाला आणि चौघं हसले.

"आधी तुम्ही लिव्हलं व्हतं का?" सरांनी विचारलं.

हसणं थांबलं. वयस्कर माणसानं कागदाची घडी घातली, लखोट्यात घातली आणि लखोटा सरांच्या हातात परत दिला. "सर, तुम्ही माणूस चांगले हायत. पण तुम्ही बी हेडमास्तरच. सशानं आपलं बीळ लांडग्याला इचारून बांधायचं व्हय?"

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ औताडेंचा फोन आला. ते पलीकडच्या गावचे मुख्याध्यापक, सरांचे बरोबरीचे. "कडूबा, हे काय लावलंय? आमच्या मास्तरांना आमच्या माघारी इचारता?"

"संशोधनाचं काम हाय, बद्रीनाथ."

"आधीच्या फारमात काय खोट व्हती? मी स्वतः दोन दिवस बसून भरलेत. दहा पेन वापरले, म्हंजी अक्षर येगळं दिसावं. एक खाडाखोड नाय!"

सरांना हसावं का रडावं कळेना. "बद्रीनाथ," त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या चुका मान्य करता, ह्याच्यापुढं काय खूण केली व्हती?"

"पूर्णपणे सहमत. का बरं?"

वीस तारखेपर्यंत सर चौदा शाळा फिरले. एकतीस लखोटे परत आले. त्यातले सतरा कोरे. चौदांत खुणा होत्या, पण खोडून पुन्हा केलेल्या, काही पार खरवडून काढलेल्या. कागद तिथं विरविरीत झालेला. त्या चौदांवर प्रबंध उभा राहत नव्हता. आशाबाई ताट वाढायची, सर ताटाकडं बघत बसायचे. "आवं, दोन घास तरी खा," ती म्हणायची. तिचं टोमणे मारणं बंद झालं होतं, आणि त्यानं सरांना जास्त भीती वाटायची.

एकवीसला ते आपल्या शाळेत गेले. शिक्षकखोलीत दहा प्रश्नावल्या नि दहा लखोटे ठेवले, मधोमध खडूचा रिकामा खोका ठेवला. "मी बाहीर बसतो," म्हणाले. "भरून खोक्यात टाका. कोरा टाकला तरी चालंल, पण खोटा नका टाकू." आणि ते पाण्याच्या टाकीपाशी ओट्यावर जाऊन खोलीकडं पाठ करून बसले. दुपारचं ऊन, पाठीमागं खुर्च्यांचे आवाज, मग शांतता. एवढा वेळ लागतोय म्हणजे विचार करून लिहितायत, असं त्यांना वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांना जरा उमेद वाटली.

तासाभरानं शिपाई सांडू खोका घेऊन आला. सरांनी आत बघितलं. दहाच्या दहा लखोट्यांवर, जिथं झाकण चिकटवतात तिथं, जांभळा गोल शिक्का.

"सांडू, हे काय?"

"सर, कुणीच मारला नव्हता," सांडू म्हणाला. "तुम्ही बाहीर बसलेले. म्हटलं राहून जाईल. डबे धुवायला पिशवी काढली व्हती, त्यातून घेतला. समदे नीट उठलेत बघा."

सर त्याला बोलणार काय? बावीस वर्षं त्यांनीच शिकवलं होतं त्याला.

नऊ लखोट्यांत साठच्या साठ पूर्णपणे सहमत होतं. दहावा उघडला. त्यातही सगळं सहमत, फक्त तेविसाव्या विधानापुढं शेवटच्या चौकोनात खूण होती. 'मुख्याध्यापक सहकाऱ्यांच्या अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहतात.' पूर्णपणे असहमत. आणि समासात बारीक अक्षरात : '१४ ऑगस्ट २००६. भावाचा फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. अर्ज नमुन्यात नाही म्हणून दोनदा लिहून घेतला. सव्वाबाराची वैजापूर गाडी गेली. मी पोचले तेव्हा आईला नेलं होतं.'

नाव नव्हतं. नाव लागतंय कशाला? आई गेल्यावर रजा घेतलेल्या एकच, मराठी शिकवणाऱ्या सारजाबाई गायके. सर कार्यालयात गेले, सहा सालची फाईल काढली. अर्ज होता. 'मंजूर', खाली सही, सहीवर शिक्का. वर्तुळ पूर्ण उठलेलं, एक अक्षर पुसट नाही. सरांना तो दिवस आठवत होता. आपण त्याच दिवशी रजा मंजूर केली, एक दिवसही लटकवलं नाही, हे त्यांनी कुणाकुणाला कौतुकानं सांगितलंही होतं. मधली बस त्यांना आठवत नव्हती. कार्यालयातल्या बाकावर सारजाबाई दुसऱ्यांदा अर्ज लिहीत होत्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय होतं, तेही आठवत नव्हतं. तिकडं आपण बघितलंच नसणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारजाबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, ते चौदा ऑगस्टचं..."

सारजाबाईंच्या हातातला खडूचा तुकडा खाली पडला. "कशाचं, सर?"

"तुम्ही लिव्हलंय ते. माझं चुकलं, मॅडम."

"मी नाय लिव्हलं, सर." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझं समदं सहमत हाय. कुणीतरी मुद्दाम लिव्हलं आसंल. माझं नाव घालून."

"नाव नाय त्याच्यावर."

"मंग तर माझं नायच, सर."

आणि त्या वर्गात गेल्या. आतून फळ्यावर लिहिल्याचा आवाज कितीतरी वेळ आला नाही. सर व्हरांड्यात उभे राहिले. पाच वर्षांनी एका बाईनं चार ओळी लिहिल्या होत्या आणि एका रात्रीत गिळून टाकल्या होत्या. माफी मागायला गेलेल्या माणसाच्या भीतीनंच गिळल्या होत्या. आता त्या चार ओळी सरांकडच्या कागदाबाहेर जगात कुठंच नव्हत्या.

सत्तावीसला रविवार होता. सर छावणीत गेले आणि हातानं लिहिलेलं एक पान बाईंपुढं ठेवलं. 'संशोधनाच्या मर्यादा' या भागात घालायचं पान. बाईंनी मोठ्यानं वाचलं.

"'प्रस्तुत संशोधकाने प्रश्नावलीच्या तळाशी मुख्याध्यापकाची सही व शिक्का यांसाठी जागा ठेवली. त्यामुळे ज्यांच्याविषयी विचारायचे होते त्यांच्याच हातून उत्तरे आली. प्रकरण चारमधील आकडे नेतृत्वाचे नाहीत, धाकाचे आहेत. शिक्क्याविना पुन्हा विचारले असता बहुतेकांनी उत्तर देण्याचे टाळले. संशोधकाची स्वतःची शाळा यास अपवाद नाही. तेथे एका सहकाऱ्याने आईच्या अंत्यदर्शनास मुकल्याचे लिहिले आहे. त्या दिवशीचा अर्ज संशोधकाने मंजूर केलेला आहे.'"

बाईंनी पान टेबलावर ठेवलं.

"नमुना मीही तपासला होता, ठोंबरे. दोनदा. मलाही तो शिक्का दिसला नव्हता." मग म्हणाल्या, "पान ठेवलंत तर बाहेरचा परीक्षक पहिल्याच वाचनात परत पाठवील. काढलंत तर कोणी परिशिष्टं उघडून बघत नाही. दिवाळीपर्यंत डॉक्टर व्हाल."

"मी काय करावं, बाई?"

"मी चुकीच्या आकड्यांवर सही करणार नाही म्हटलं होतं. पान असेल तर ते आकडे चुकीचे आहेत असं तुम्हीच सांगताय, मग मी सही करू शकते. पान नसेल तर..." त्या थांबल्या. तांबड्या शाईचं पेन त्यांनी बाजूला ठेवलं, निळं उचललं आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राच्या पाचही प्रतींवर सही केली. "आठ वर्षं दर रविवारी येताय तुम्ही. मला तुमच्यावर पहारा ठेवायचा नाही."

तीसला सर शहागंजच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाइंडरकडं, चाचांकडं, बसले होते. पान टाइप करून पाच प्रती काढलेल्या, पण घडी करून खिशात. त्या पाकिटालाच लागून, ज्यात पूर्ण गुणांचा तक्ता होता. चाचांनी चार गठ्ठे शिवून ठेवले, पाचवा शिवायला घेतला. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवलेली : कडूबा फकिरा ठोंबरे. सोनेरी शाईत ते नाव कुणाला हसू येईल असं दिसत नव्हतं. सर त्याच्यावरून बोट फिरवत राहिले.

"मास्टरसाब, बस हो गया ना? चिकटाऊं?" चाचांनी विचारलं. "बाद में नक्को बोलना, एक पन्ना रह गया करके. सब लोगां का ऐसाच रहता."

सरांच्या डोळ्यांपुढं व्हरांड्यात पडलेला खडूचा तुकडा आला. त्यांनी खिशात हात घातला. पाकीट बाजूला सारून घडी घातलेली पानं काढली.

"हे बी घाला. दोनशे चौदाच्या मागं."

"पाँचों में?"

"पाचही."

"सिला हुआ उसवना पडेंगा."

"उसवा."

चाचा पुटपुटत सुरी घेऊन बसले. शिवलेले दोरे एकेक करून तुटत गेले आणि सर भिंतीकडं तोंड करून बसून राहिले.

एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता प्रबंध खिडकीत गेला. पोचपावती मिळाली. घरी आल्यावर आशाबाईनं पेढे ठेवले होते. सरांनी तिला पानाचं सांगितलं. तिनं पेढ्यांच्या पुड्याला पुन्हा दोरा गुंडाळला.

"मंजी व्हनार नाय म्हना डागतर."

"बहुतेक नाय."

"आठ वर्सं..." एवढंच ती म्हणाली. मग पेढ्यांचा पुडा उचलून शेजारी देऊन आली. कशाचे म्हणून सांगितलं, कुणास ठाऊक.

शाळेत काही बदललं म्हणाल, तर नाही. सर म्हणायचे, अर्ज राहू द्या, आधी जा. तर शिक्षक आणखीच घाबरायचे. ह्यात काहीतरी डाव आहे असं त्यांना वाटायचं, म्हणून मुकाट्यानं दोन प्रतींत अर्ज लिहायचे. सारजाबाई तर तीन प्रतींत.

विद्यापीठाचं पत्र नोव्हेंबरात आलं. नोकरीतल्या माणसाचा पत्रव्यवहार मालकामार्फत, म्हणून लखोट्यावर पत्ता होता 'मा. मुख्याध्यापक' असा. सरांनीच तो फोडला. 'आपल्या विद्यालयातील कर्मचारी श्री. कडूबा फकिरा ठोंबरे यांचा प्रबंध, माहिती संकलनाची पद्धत सदोष असल्याचे संशोधकानेच मान्य केल्यामुळे, स्वीकारता येत नाही. नोंदणीची मुदत संपुष्टात आली आहे. संबंधितास कळवून तशी पोच या कार्यालयास पाठवावी.'

सांडूनं आवक नोंदवहीत पत्र चढवलं. सरांनी पोच लिहिली, 'संबंधितास कळवले आहे,' आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. सारजाबाई हजेरीपटावर सही करायला आत आल्या होत्या. त्यांनी विद्यापीठाचं पत्र वाचलं की नाही कळलं नाही, पण सही करून झाल्यावरही त्या पेन हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

"सर, हितं कुणाची सही?" सांडूनं विचारलं.

"मुख्याध्यापकाची. माझी."

"आन् हितं, संबंधिताची?"

"तिथं बी माझीच."

सरांनी दोन्हीकडं सह्या केल्या. सांडूनं पिशवीतून बटवा काढला, पॅड उघडलं, शिक्का दाबला. पॅडावरची शाई वाळत आली होती. अर्धंच वर्तुळ उठलं.

"नीट नाय उठला, सर. पुन्हा मारू का?"

सारजाबाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि मग गेल्या.

"मार," सर म्हणाले.